कुलपाचा ड्रॉवर

वडिलांचं टेबल विकायला ती जुन्या फर्निचरच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे एक बांधकाम ठेकेदार आणि त्याची लेक.

"बाबा, घरातच ऑफिस थाटायचं तर टेबल नको? गिऱ्हाइकांना किती दिवस पलंगावर बसवणार?"

"पलीकडच्या खोलीत तुझी आई झोपलेली असते ते बरंय. कुजबुजत कुणाला घासाघीस जमत नाही."

"टेबल घ्यायचंच!"

"मग कुलपाचा ड्रॉवर हवा."

"डॉक्टरांनी बंद केलेली बिस्किटं लपवायला? किल्ली माझ्याकडे राहील."

"मग ऑफिसच नको मला!"

ठेकेदार रुसून खुर्च्या बघायला गेला, तशी ती लेकीकडे वाकली.

"माझ्या टेबलाला कुलूप आहे. किल्ली खुशाल बाबांना द्या."

"आणि बिस्किटं?"

"किल्ल्या दोन आहेत. माझ्या बाबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही."