वेशीच्या सांध्यांतली काजळी

जबाब, दि. ११ मार्च २०२५

मी, शेखर गोटीराम धोत्रे, वय ५४ वर्षे, धंदा दगडकाम, रा. जुने नाशिक, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

घाटाकडच्या गल्लीतील जुन्या दगडी वेशीची डागडुजी सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. मोठ्या रस्त्याचे काम निघाल्यापासून, म्हणजे दोन वर्षे, बस व टेम्पो वेशीखालून जातात. पुढे चौक असल्याने ते इंजिन चालू ठेवून कमानीखालीच थांबतात.

मागच्या वर्षी शहरात बडे सरकारी पाहुणे येणार होते. वेस धुराने काळवंडलेली दिसू नये, असे मला सांगण्यात आले. आम्ही दगडाच्या देवाला तेल देतो, तसे मी सबंध कमानीला अळशीचे तेल दिले. वेस चकाकली. माझे कौतुक झाले.

आज सकाळी नऊ वाजता शिडी लावून दगड हातोडीने वाजवले. पक्का दगड खणकन वाजतो. मधले पाच दगड बद्द वाजले. सांध्यात सळई घातली, ती वीतभर आत गेली. धुराने चुना खाऊन त्याचे पीठ केले होते. वरून मात्र तेलावर बसलेल्या काजळीने सांधे बुजले होते.

मी देखरेखीचे इंजिनिअर रवी साहेबांना बोलावले. त्यांनी खालूनच पाहिले. "धोत्रे, तुम्हीच तेल पाजून तिला पैलवान केलंत ना? सांधे डांबरासारखे गच्च दिसतायत," असे म्हणून ते गेले.

वेशीखाली सुलाबाई, वय अंदाजे ७०, फुले विकतात. मी त्यांना उठायला सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझ्या आज्यानं बांधली काय रं वेस? लय गार हाय इथं. मी नाय उठत."

साडेतीन वाजता मी शिडी व परांचीचे बांबू वेशीत आडवे बांधले. वाहने अडली. एक टेम्पोवाला म्हणाला, "काका, वेस पडायची तेव्हा पडंल, माझे टमाटे आत्ता सडतायत." मी कोणास मारहाण केली नाही. पोलिसांनी बांबू सोडून मला येथे आणले.

तेल मी लावले, हे मला कोणी विचारलेले नाही. मी आपणहून सांगत आहे.

जबाब चालू असताना, साडेपाच वाजता, वाहतूक पुन्हा सुरू झाल्याचे समजले. सुलाबाई उठल्या का, असे मी विचारले. ते माहीत नसल्याचे सांगण्यात आले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. सहीपूर्वी मी वाहतूक थांबवण्याची विनंती केली. ती या जबाबात बसत नाही, असे सांगण्यात आले. माझ्या आग्रहावरून लिहून घेतली. वेळ सायंकाळी ५.५०.