पंधरा मिनिटांच्या परवानगीबाबत पुरवणी जबाब

शुक्रवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

माझे नाव आणि घराचा पत्ता मंगळवारच्या जबाबात आलेला आहे. आजारपणाचा विषय असल्याने ते इथे पुन्हा लिहू नये अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. वय ६४ वर्षे, धंदा – निवृत्त शिक्षिका, विषय गणित. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की, मंगळवारच्या माझ्या जबाबातील दोन गोष्टी खोट्या आहेत. मला दवाखान्यात झोप लागली ही एक, आणि सिस्टरने माझ्या सुनेला मला न सांगता बाहेर सोडले ही दुसरी.

घरी मी, मुलगा आणि सून असे तिघे राहतो. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवत असे. तिला चार वर्षांपासून नैराश्याचा आजार आहे. तीन वेगवेगळ्या गोळ्या पुरेसे महिने देऊन झाल्या, गुण आला नाही. दोन वर्षांपूर्वी तिने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. त्याचे वर्णन मी करणार नाही, कागद दवाखान्यात आहेत. तेव्हापासून आम्ही तिला एकटे सोडलेले नाही. मुलगा घरी नसला की मी, मी नसले की मुलगा. न्हाणीघराची आतली कडी मुलाने काढून टाकली. तिच्याकडची घराची किल्लीही आम्ही काढून घेतली. आमचे चुकले असे तेव्हा वाटले नाही, आणि तेव्हा ते चुकलेही नसेल.

गेल्या आठवड्यापासून तिला दवाखान्यात नैराश्यावर केटामाइन देतात. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी इथे विचारले की, केटामाइन म्हणजे नशेचे इंजेक्शन ना. मी सांगितले की ते भूल देण्याचे औषध आहे, ऑपरेशनच्या वेळी वापरतात. लोक त्याचा नशेसाठी गैरवापर करतात हेही खरे. दवाखान्यात ते थोड्या मात्रेत, सलाईनमधून, चाळीस मिनिटे देतात. डॉक्टर असतात, रक्तदाब बघतात. थेरपिस्ट बाई सबंध वेळ शेजारी बसतात आणि दुसऱ्या दिवशी तासभर तिच्याशी बोलतात. आठवड्यातून दोन वेळा, असे सहा वेळा द्यायचे ठरले होते. गुण येईलच अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही. आला तरी टिकवावा लागेल, असे स्पष्ट सांगितले. हवालदार म्हणाले, "एवढं सगळं लिहायचं का, मॅडम?" मी म्हटले, "लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

दुसऱ्या वेळेनंतर तिसऱ्या दिवशी जेवताना सून म्हणाली, "आई, भाजीत मीठ कमी आहे." चार वर्षांत तिने माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवले. इतकी वर्षे समोर ठेवले ते मुकाट्याने खात होती किंवा तसेच ठेवत होती. मला आधी राग आला. मग मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. मीठ खरोखरच कमी होते.

दवाखान्याची पद्धत अशी आहे की, पेशंटबरोबर येणाऱ्याच्या गळ्यात लाल बिल्ला घालतात. पेशंट त्या बिल्लेवाल्याच्याच ताब्यात देतात, दुसऱ्या कोणाच्या नाही. मंगळवारी तिसरी वेळ होती. औषध अडीचला सुरू झाले. सलाईन निघाल्यावर तिला दोन तास तिथेच निजवून ठेवले. पाच वाजून दहा मिनिटांनी सिस्टरने मला आत बोलावले, सुनेला चालवून दाखवले, रक्तदाबाचा आकडा दाखवला. मग नेहमीप्रमाणे सूचना वाचून दाखवल्या. उद्या सकाळपर्यंत गाडी चालवायची नाही, मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, एकटे राहायचे नाही. मी म्हटले, "पाठ झालंय हो आता." त्या म्हणाल्या, "तरी ऐका, काकू. सही करायची आहे." मी ऐकले आणि सही केली. बिल्ला परत दिला. सिस्टरचे काम तिथे संपले आणि ते त्यांनी चोख केले.

आम्ही दोघी दाराबाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी, साधारण साडेपाचला, सून थांबली. म्हणाली, "आई, मी एकटी थोडं चालून येऊ का?" मी विचारले, "कुठे?" ती म्हणाली, "कुठे नाही. नुसतंच. पंधरा मिनिटं." तिचा मोबाइल माझ्या पिशवीत होता. तो द्यायचे मला सुचले नाही. मी म्हटले, "जा." ती गेली. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. तिने मागे वळून पाहिले नाही.

पावणेसहाला ती आली नाही. सहालाही नाही. त्यानंतर मी ते दोन रस्ते किती वेळा पालथे घातले ते सांगता येणार नाही. पावणेसातला मुलाला फोन केला. तो कामावरून तसाच ठाण्यात आला, साडेसातला. त्याच्या हाताला ग्रीस होते. त्याने मला एकच विचारले, "आई, तू कुठे होतीस?" माझ्या तोंडून निघाले, "मला डुलकी लागली." मी चौतीस वर्षे परीक्षेत पहारा केला आहे, खुर्चीत टेकलेसुद्धा नाही. मुलाला हे माहीत आहे. फौजदार साहेबांनी विचारले, "मग त्यांना बाहेर सोडलं कोणी?" मी सिस्टरचे नाव घेतले. एकदा थाप मारली की दुसरी आपोआप येते, हे मी मुलांना वर्गात सांगत असे.

जबाब साडेआठला संपला. आम्ही पावणेनऊला घरी गेलो तेव्हा सून जिन्यात दारासमोर बसलेली होती. ती सातला पाच कमी असतानाच घरी पोहोचली होती. चालता चालता लांब गेली. परत दवाखान्याकडे वळण्यापेक्षा घर जवळ पडले, म्हणून घरी आली. म्हणाली, "कुलूप होतं." म्हणजे ती हरवली असे मी इथे लिहून देत होते, तेव्हा ती आमच्याच दारात आमची वाट बघत बसली होती. मुलाने दार उघडले आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून हात धुतले. मी तिला चहा दिला. तिने दोन कप घेतला.

काल सकाळी दवाखान्यातून फोन आला. पोलीस चौकशी पुरी होईपर्यंत पुढचे उपचार थांबवले आहेत आणि सिस्टरला कामावरून बाजूला केले आहे, असे कळवले. चौथी वेळ आज दुपारी अडीचची होती. मुलगा म्हणाला, "बरंच झालं. पुरे झाले हे प्रयोग." सुनेने हे ऐकले. म्हणाली, "माझंच चुकलं. मी जायला नको होतं." एवढे बोलून ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. कालपासून ती जेवायला उठलेली नाही. मी रात्रभर तिच्या खोलीच्या दारात बसले होते. सकाळी मुलाला सगळे खरे सांगितले. तो माझ्यावर ओरडला, ओरडायलाच हवे होते. मग म्हणाला, "मी बसतो तिच्यापाशी. तू जा आणि लिहून दे."

तरी माझे म्हणणे असे की, चूक पूर्णपणे माझी आहे. सिस्टरला कामावर परत घ्यावे आणि दवाखान्याला आजच, शक्य तर अडीचच्या आत, कळवावे. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. मला त्याची भीती नाही असे नाही.

फौजदार साहेबांनी विचारले की, सूचना पाठ असताना, सही केलेली असताना आणि मागचा सगळा इतिहास माहीत असताना मी तिला का जाऊ दिले. माझे उत्तर असे की, चार वर्षांत तिने माझ्याकडे काहीही मागितले नव्हते. तहान लागली तरी पाणी मागत नसे, आम्ही पेला हातात द्यायचो. त्या दिवशी तिने मागितले. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ते चुकीचे होते हे मला तेव्हाही कळत होते.

हवालदारांनी जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, एक जागा सोडून. तिथे "सुनेने हट्ट धरल्याने" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून तिथे माझी सही केली आहे. तिने हट्ट धरला नाही. तिने विचारले, आणि मी हो म्हटले.