दोन कच्चे बटाटे

कच्चे म्हणून सांगितलं होतं मी, कच्चे, एकदा नाही तीनदा सांगितलं, आणि आमच्या प्रयागकाकूनं काय केलं असेल? थांबा, आधीचं ऐका...

तुम्हाला सांगते, सत्तावन्न सालची गोष्ट. अकोल्याच्या कॉलेजातलं माझं शेवटचं वर्ष राहिलेलं, सुट्टीत मेडशीला घरी आले तर नानाजीकाका, ज्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरचं मांजरही जात नाही, ते म्हणाले, "पुरे झालं शिकनं. अनसिंगचं स्थळ आलं हाय." मी म्हटलं, काय शिकते ते एकदा डोळ्यांनी पाहा, मग बोला. "दाखव. नाही पटलं त मुकाट्यानं बोहल्यावर चढशीन," आणि साक्षीला शेजारच्या पुंजाजीमामांना बोलावलं.

मी सुरू केलं. झाड असो की माणूस, सगळं बारीक पेशींचं, पेशीत त्याहून बारीक पिशव्या, आणि त्यांत विकरं, म्हणजे भराभर कामं उरकणारे रस...

पुंजाजीमामा म्हणाले, "तुले दिसल्या काय वं पिशव्या?"

"आमच्या सूक्ष्मदर्शकातून नाही दिसत. परदेशात मोठ्या यंत्रातून दिसल्यात, दोन-तीन वर्षांपूर्वी."

"मंग न दिसनाऱ्या पिशव्यांसाठी अकोल्याले काहून राहाचं? न दिसनारं त इथंबी लय हाय."

मी कंपाउंडरकडून आणलेली कान धुवायच्या औषधाची, हायड्रोजन पेरॉक्साइडची, बाटली काढली. हे औषध कच्च्या बटाट्यावर टाकलं की फसफसून फेस येतो, विकराचंच काम ते, आणि आमच्या सरांचा अंदाज असा की ते विकरही अशाच एखाद्या पिशवीत राहत असावं. काकू, आण बटाटे. काकूनं आणले. ताटलीत. उकडून, सोलून, वर मीठ-तिखट भुरभुरून.

"कच्चे म्हटलं होतं मी, काकू, कच्चे."

"पुंजाजीमामांपुढं कच्चं ठेवू? घराची अब्रू हाय का नाही?"

उकडलं की विकर मेलं, हे कोणाला पटणार? मी औषध ओतलं. बटाटा ढिम्म. मामा दुसरा उचलून खात म्हणाले, "गुन आला बरं, मऊ झाला."

माझं वर्ष त्या ताटलीत बुडताना दिसलं मला. तरातरा उठले, टोपलीच्या तळाशी एक कच्चा सापडला, विळीवर ठेवला, आणि रागारागात बटाट्याऐवजी बोट कापलं. काकू धावली, "अवं माय," म्हणत फुंकर घातली, उरलेली सगळी बाटली बोटावर रिकामी केली, आणि बोटावर हा पांढराशुभ्र फेस, उतू जाणाऱ्या दुधासारखा. मी ओरडले, हेच ते, काका, हेच विकर, माझ्या रक्तातही आहे!

नानाजीकाकांनी माझं बोट जवळ ओढून फेस निरखला. मग हळूच म्हणाले, "पुंजाजी, हिच्या त रक्तालेच उकळी हाय. अनसिंगवाल्याइचं घर काहून बुडवाचं? जाऊ द्या अकोल्याले."

असं मिळालं मला वर्ष. विज्ञान राहिलं बाजूला. आता त्याच कॉलेजात मी पोरांना तो प्रयोग करून दाखवते, आणि बोटावरचा वण दिसला की काकूची फुंकर आठवते, ते चुलीपुढचं ओलं सारवण, मामांचं मिटक्या मारणं... कोणाला सांगू नका, पण माझं मन तिथंच फसफसत असतं. म्हणून या वर्षी पत्र लिहिलं, प्रयोगासाठी घरचेच बटाटे पाठवा, कच्चे, आणि कच्चे या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

काल मोटारीनं डबा आला. सोबत काकूचा निरोप, "दोन रेघा पायल्या, म्हनून दोन येळा उकडले."