चार मिनिटं उशिरा

(शाळा सुटल्यावरचा वर्ग. शिपाईमामा बाकं सरळ करताहेत, इंग्रजीच्या बाई पुस्तकं गोळा करताहेत.)

बाई: म्हणजे कालची घंटा तुम्ही मुद्दाम उशिरा दिलीत, मामा?

मामा: चार मिनिटं. मोठ्या बाईंनी झापलं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

बाई: पण का? मी तर वर्गात नव्हतेच, ऑफिसात त्यांच्यासमोर उभी होते. उद्या त्या स्वतः येऊन बसणार आहेत. मुलं इंग्रजीतून बोलली नाहीत, तर पुस्तकावरच्या गप्पांचा तास बंद. त्या जागी पाठांतर.

मामा: माहितीय. भिंतीला कान असतात, मग शिपायाला नसतील का?

बाई: तुम्हाला थट्टा सुचतेय. सहा महिने झाले, मामा. आठ मुलांना गोल बसवते, एक पुस्तक वाचतो, मग डस्टर फिरवते. ज्याच्या हातात डस्टर, त्यानं बोलायचं. एक वाक्य बोलतात आणि गप्प.

मामा: एक विचारू? रागावणार नसाल तर.

बाई: विचारा.

मामा: ते एक वाक्य झालं की तुम्ही काय करता?

बाई: काय करणार? चुकलेलं असतं, दुरुस्त करते.

मामा: तेच. तुम्ही असलात की पोरं तुमच्या तोंडाकडे बघत बोलतात. काल तुम्ही गेलात, म्हटलं आता दंगा होणार. कसला दंगा नि काय. पुस्तक मध्ये ठेवलं आणि इंग्रजीतच सुरू झाली.

बाई: तुम्हाला इंग्रजी कुठे कळतं?

मामा: नाहीच कळत. दाराशी स्टुलावर बसून जेवढं कानावर पडलं तेवढंच. पण ही अस्वलांची गोष्ट मला पाठ झालीय. दोघं भाऊ थंडीभर गुहेत झोपतात, बर्फ वितळतं, थोरला उठतो, धाकटा काही उठत नाही.

बाई: तिथेच पुस्तक संपतं. पुढचं मुलांनी ठरवायचं.

मामा: त्यावरच जुंपली. तो उंच पोरगा म्हणाला, मेला. दुसरी म्हणाली, आजारी असेल. मग डस्टर गेलं खिडकीपाशी बसते त्या पोरीकडे.

बाई: ती बोलत नाही, मामा. वर्षभर हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.

मामा: काल डस्टर घट्ट धरून बसली. घंटेला मिनिट उरलेलं. सात पोरं, बाई, आणि एकानंही ते हिसकावलं नाही की 'चल लवकर' म्हटलं नाही. नुसती थांबली. दाराशेजारच्या घंटेची दोरी माझ्या हातात, आणि हात काही हलेना. वेळ टळून गेली.

बाई: मग?

मामा: मग म्हणाली, 'ही नॉट डेड. नोबडी कॉल होम नेम.'

बाई: ती म्हणाली?

मामा: तीच. आणि मला कळलं. मेला नाही तो. कुणी घरच्या नावानं हाक मारली नाही, म्हणून उठला नाही. आठवी नापास माणूस मी. परक्या भाषेतलं बोलणं असं थेट आत गेलं आणि अंगावर काटा आला.

बाई: त्या वाक्यात मी तीन चुका काढल्या असत्या.

मामा: म्हणून तर म्हणतो, बरं झालं ऑफिसात होतात.

बाई: बाकीची मुलं काय म्हणाली?

मामा: उंच पोरानं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. धाकट्याचं घरचं नाव कुठे लिहिलंय का, ते शोधायला. आठही डोकी त्या पानावर. मग मी घंटा दिली.

बाई: मला वाटत होतं, यांना बोलायला मी शिकवतेय. लाज वाटतेय मामा, आणि आनंदानं भरूनही येतंय. उद्या मला दाराबाहेर एक स्टूल द्याल?

मामा: तीन ठेवतो. मोठ्या बाईंनाही बाहेरच बसवू.

बाई: बसतील त्या?

मामा: आत पंखा बंद पडलाय, असं सांगू.

बाई: आधी मात्र मी आत जाईन. डस्टर तिच्या हातात देईन आणि एवढंच विचारीन, तुला घरी काय म्हणतात.

मामा: आणि लगेच नाही बोलली तर?

बाई: थांबीन.

मामा: थांबा. घंटेचं मी बघतो.