विसरभोळ्या सिस्टर आणि माझा मेमो

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सिस्टर, त्यांचे यजमान, त्यांची कन्या आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. नवजात कक्षाच्या प्रमुखाला पाच मिनिटं देणं हा संयोजकांचा भोळेपणा आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

भोळेपणावरून आठवलं. सिस्टरांना आपण सगळे 'विसरभोळ्या सिस्टर' म्हणतो. हे नाव कोणी ठेवलं? मीच. तेही लेखी, अकरा वर्षांपूर्वी.

त्याचं असं झालं. आपल्याकडे प्रत्येक बाळाच्या टाचेला सुई टोचून तपासणीसाठी रक्त घेतात. बाळ कळवळतं. मी नुकताच प्रमुख झालो होतो, अंगात भलताच उत्साह. फर्मान काढलं: घराघरांत असतं ते साधं वेदनाशामक, त्याचे गोड थेंब, सुईच्या अर्धा तास आधी प्रत्येक बाळाला द्यायचे. माझ्या सहीचा कागद भिंतीवर लागला. येता-जाता मीच त्याच्याकडे कौतुकाने बघायचो.

बाकी सगळ्यांच्या नोंदी चोख. थेंब दहाला, सुई साडेदहाला. सिस्टरांची नोंद मात्र थेंब दहा एकोणतीस, सुई साडेदहा. रोज! अहो, माणसाने निदान खोटं तरी लिहावं. मग मी काय करणार? मेमो दिला. 'विसरभोळेपणा व निष्काळजीपणा.' त्यांनी उत्तर दिलं, मी ते न वाचता फाइलला लावलं. त्या वर्षी इन्चार्जच्या जागेवर त्यांचाच नंबर होता. मेमोमुळे ती संधी हुकली आणि पुन्हा आली नाही.

सिस्टर, मला हाताने खुणा करू नका. मी बसणार नाही.

दोन वर्षांनी आपले रक्तवाले दादा, ते बघा, मागच्या रांगेत खांबाआड लपलेत, मला म्हणाले, "सर, एक बोलू का? विसरभोळ्या सिस्टरांच्या पाळीत बाळं फारशी रडतच नाहीत. इतरांच्या पाळीत माझ्या कानठळ्या बसतात."

"बघा!" मी म्हणालो, "माझं औषध!"

"पण सर, औषध तर सगळेच देतात ना?"

असले प्रश्न विचारणाऱ्या माणसांना नोकरीवर कोण घेतं, देव जाणे. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. तोंडातून दिलेलं औषध एका मिनिटात भिनेल कसं? शेवटी आई-वडिलांची परवानगी काढली आणि औषधालयातल्या काकांकडून सारख्याच दिसणाऱ्या, सारख्याच गोड बाटल्या करून घेतल्या. एकीत औषध, दुसरीत नुसतं साखरेचं पाणी. कुठली कशाची, हे फक्त काकांना ठाऊक. मी स्टॉपवॉच घेऊन बाळांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसलो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "स्वतःची दोन रडत होती तेव्हा महाशय घोरत होते."

निकाल काय लागला? ऐन सुईच्या वेळी दिलं तर दोन्ही बाटल्या सारख्याच गुणकारी. अर्धा तास आधी दिलं तर दोन्ही सारख्याच निकामी. त्या औषधाशी माझं भांडण नाही, इतरत्र ते उपयोगी पडतं. पण टाचेच्या सुईपुढे त्याचं काही चालत नव्हतं. बाळांना शांत करत होती ती जिभेवरची साखर. मग भिंतीवरचा कागद उतरवला आणि त्याच खिळ्याला दुसरा लावला: ऐन सुईच्या वेळी जिभेवर साखरेचं पाणी. सही माझीच. परिषदेत शोध वाचून दाखवला, टाळ्याही माझ्याच.

परवा या भाषणासाठी सिस्टरांची फाइल मागवली. म्हटलं, चार विनोदी किस्से मिळतील. तर त्यात त्यांचं ते उत्तर सापडलं. वाचतो.

'मी विसरत नाही. आधी दिलं की बाळ रडतंच, टोचताना जिभेवर ठेवलं की कमी रडतं. औषधापेक्षा त्यातली साखरच काम करत असावी. सरांनी एकदा येऊन पाहावं.'

म्हणजे माझा सगळा शोध त्या कागदात होता, माझ्या दोन वर्षं आधी. एकदा येऊन पाहावं, एवढंच मागणं होतं. माझी खोली तिथून चाळीस पावलांवर आहे. त्या दोन वर्षांत इतर पाळ्यांमध्ये जी बाळं उगाच कळवळली, ती माझ्या सहीमुळे. याची मला लाज वाटते, आणि ती आज चारचौघांत वाटलेलीच बरी.

सिस्टर, मेमो रद्द केल्याचं हे पत्र. आज सकाळीच सही करून घेतली. ती जागा मात्र मी परत देऊ शकत नाही.

अध्यक्ष महाराज, वेळ संपली, घंटा ऐकली मी. सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. मेमोबद्दलची माफी मात्र मी फक्त सिस्टरांकडे मागतो. द्यायची की नाही, हे त्यांनी सवडीने ठरवावं आणि लेखी कळवावं.

या वेळी मी ते वाचीन.