राजाच्या छातीवरचा सांधा

आनंद नगरच्या बसस्टॉपवर एक रिटायर्ड वेल्डर आणि त्यांची बायको बसली होती. दोघांच्या मध्ये पत्र्याचं चिलखत.

"अहो, शूटिंगवाल्यांचा परत फोन. राजा मरायला खोळंबलाय म्हणे."

"बस आली की मरेल."

"छातीवरचा सांधा कच्चा ठेवलात ना? भाला लागला की उघडायला हवा."

"हं."

"हं काय?"

"कच्चाच होता. सकाळी पक्का केला."

"पक्का?"

"सगळा जन्म कारखान्यात वेल्डिंग केलं, वासंती. माझ्या हातचा सांधा उकललेला टीव्हीवर अख्खी टाउनशिप बघणार!"

"वाटलंच मला. म्हणून पिशवीत कानस घेऊन निघाले. द्या इकडे, घासते."

"माझ्यादेखत नको."

"मग तिकडे तोंड करून बसा."