मॅडमच्या खोलीतली झोप

तुम्ही विचारता ना, मी कॉलेज सोडता सोडता कशी राहिले? खरं सांगू, झोपेमुळे राहिले.

आई गेली त्या वर्षी मी निडीहून रोज पेणला कॉलेजात यायचे. बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला, घरात मी एकटी, आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता. फळ्यावरची अक्षरं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसायची. शेवटी नाव काढून घ्यायचा अर्ज लिहिला आणि ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, "आधी समुपदेशनाच्या मॅडमना भेटून ये, मग बघू."

मॅडमनी खुर्ची पुढे केली. "बोल गो, काय झालं?"

मी खुर्चीत मान मागे टेकली. पंखा हळूहळू फिरत होता. मला वाटलं, मी खळ्यावर पेंढ्यात पडलेय आणि आई जवळच बसून सुपात तांदूळ पाखडतेय. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पार सरकलं होतं आणि माझ्या अंगावर मॅडमची ओढणी होती.

"मी काय बोलले?" मी घाबरून विचारलं.

"काय नाय. उद्या याच वेळेला ये."

आठवडाभर मी जायचे आणि झोपायचे. मॅडम शेजारी कागद चाळत बसायच्या, एका शब्दाने विचारायच्या नाहीत. अर्ज द्यायचा राहून गेला.

मग एके दिवशी खुर्चीत बसले आणि झोप आलीच नाही. मॅडमनी वर बघितलं. "आज झोपायचं नाय?"

"नाय मॅडम," मी म्हटलं. "आज आईचं सांगायचंय."